नवरीचं वळण आणि दातांच्या डॉक्टरांची पायरी

तीर्थरूप ताईस,

तर तुझंच म्हणणं खरं निघालं. पाटी वाचता येत नाही हा पाटीचा दोष नाही, तुमच्या गल्लीतल्या डोळ्यांचा आहे, असं मी मागच्या पत्रात ठणकावून लिहिलं होतं, ते मागे घेतो. (नमस्कार राहिलाच. तो पायांवर डोकं ठेवून. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? मी मजेत आहे, फक्त गुडघा सोलला आहे, त्याचीच हकीकत पुढे.)

आमच्या पाट्यांच्या दुकानात अक्षरांची पन्नास वळणं आहेत. त्यातल्या एकाला मालक 'नवरी' म्हणतात. प्रत्येक अक्षराला वेल, वेलीला कळी, कळीच्या टोकाला थेंब, आणि कान्याचा तर पिसाराच केलेला. ते पाहिलं आणि मी वेडा झालो. लॉन्ड्रीला नवरी, पंक्चरवाल्याला नवरी, 'येथे थुंकू नये' तेसुद्धा नवरीत. (तिथे लोक आता आदबीने थुंकतात.) तुझ्या दुकानाची 'कपडे शिवून मिळतील' ही पाटी त्याच भरात केलेली. तीन महिन्यांत दोनच नवी गिऱ्हाइकं आली आणि त्यातल्या एकाने अत्तर मागितलं, असं तू लिहिलंस तेव्हा मला तुझाच राग आला.

मग दातांच्या डॉक्टरांचं काम आलं. त्यांच्या दारात एक पायरी खाली आहे, ती दिसत नाही. 'पायरी आहे, जपून' एवढंच लिहायचं होतं. मी सोनेरी नवरी लावली. आता व्हायचं असं, की माणूस दारात थांबायचा, मान वर करून "वा, काय काम आहे!" म्हणायचा, अक्षर लावता लावता एक पाऊल पुढे टाकायचा, की गेला खाली. चार दिवसांत सहा जण. डॉक्टर दुकानात येऊन मालकांना म्हणाले, "पूर्वी लोक न बघता पडायचे, आता बघून पडतात." मी तावातावाने पाटी पाहायला गेलो. उन्हात ते थेंब असे चमकत होते, ताई, की सातवा मी.

लंगडत परत आलो ते आता गाशा गुंडाळायचा हे धरूनच. मालकांनी खुर्ची दिली, औषध दिलं आणि म्हणाले, "अरे शहाण्या, नटलेल्या नवरीला कुणी पाणी भरायला पाठवतं का? तिला एक शब्द द्यावा, मोठा द्यावा, भोवती मोकळी जागा सोडावी. बाकी कामाला घरची माणसं असतात. चल, हीच पाटी हाताने साधी लिहून दाखव." लिहिली. त्यांनी ती उजेडाला धरली आणि विचारलं, शाळा किती? चौथी, तीही अर्धी. मग हे शिकवलं कुणी? म्हटलं, बहिणीने, कापड बेतायच्या टेबलावर, शिवणाच्या खडूने. आणि तू आठवलीस. माझा हात धरून गिरवून घेताना म्हणायचीस, "आधी कापड सरळ काप, झालर मागाहून." मी कंटाळून पळायचो. त्याच सरळ कापण्यावर आज माझी नोकरी टिकली. तोंडावर हे मी कधी बोललो नसतो, म्हणून कागदावर घे.

सोबत नवी पाटी येते आहे. सगळं साधं, ठळक, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. फक्त वर 'ताई' एवढा एक शब्द नवरीत आहे. त्याला हात लावू नकोस.

तुझा पळपुटा भाऊ

ता. क. जुन्या पाटीचं भावोजींनी खुराड्याला दार केलं, हे कळलं. बरं झालं. कोंबड्यांची तक्रार आली तर कळव.

आणखी एक ता. क., पत्र खरं यासाठीच आहे. मालकांना आपलं साधं अक्षर दुकानाचं एक्कावन्नावं वळण करून हवंय. पण माझा 'ळ' अजून लंगडतो (गुडघ्याच्या आधीपासून). तर तू सगळी अक्षरं काळ्या कापडावर खडूने मोठी लिहून पाठव, वरून कच्चा टाका घाल, म्हणजे टपालात पुसणार नाहीत. नाही म्हणू नकोस, मी हो सांगून बसलोय. वळणाचं नावही ठरलंय, 'ताई'. त्याचे मालकांनी तुझ्यासाठी आगाऊ दिलेले बाराशे, आणि खडूसाठी माझे पन्नास, मिळून साडेबाराशे पाठवतोय.