क्लबातला धवला

टेमघर, भिवंडी
ता. ९ मार्च १९७५

चि. केसरीनाथ,

काळूदादाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक चाललंय. माझी रात्रीची शिफ्ट चालू आहे, म्हणून हे दुपारी लिहितोय. आपल्या कमळाचं लग्न वैशाखात ठरलं. मुलगा वळ गावचा, अनंता नाव, घरची माणसं साधी आहेत. आईचे गुडघे दुखतात, पण ती आपली हिंडते-फिरते.

तुझं कार्ड मिळालं. तुझ्या क्लबात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा डबा ठेवून कोण गेलं, असं विचारलंस. मीच ठेवला. 'आलास तर मग भेटला का नाहीस, दादा?' असंही लिहिलंस. घाईत होतो, एवढंच लिहिणार होतो. पण भाकऱ्यांवर उमटलेल्या आईच्या बोटांवरून तुला कळायला हवं होतं, की मी एकटा आलो नव्हतो.

आमच्या कारखान्याच्या सेठचा कापडाचा टेम्पो मुंबईला निघाला होता. आई आठ दिवस मागे लागली होती, 'माझा पोर कसा वाजवतो ता मला बघाचा हाय.' कपाटातलं हिरवं लुगडं नेसली. क्लबाच्या दारावरच्या माणसानं आधी लुगडं बघितलं, मग तिचे पाय बघितले. म्हणाला, इथे केसरीनाथ कोणी नाही. सॅक्सोफोन वाजवतो तो, म्हटलं, तेव्हा, "अच्छा, कॅसी साब?" आत नाहीच सोडलं. राजापूरचा एक वेटर भला निघाला. त्यानं मागून स्वयंपाकघराच्या दारात सोड्याच्या खोक्यावर आईला बसवलं. पडदा जरा सारला की तू समोर दिसायचास.

पहिली दोन गाणी तू मन लावून वाजवलीस. आईचा चेहरा बघायला हवा होतास. वेटरला सांगत होती, "माझा पोर हाय. भिवंडीच्या ब्यांडात शिकला. दम केवरा हाय बघ त्याचा."

मग तू टेबलावरचं कापड डोक्यावर घेतलंस. कमरेत वाकलास. आईचं हळदीचं गाणं, तिचा धवला, सुरू केलास. आईनं माझा हात धरला. "काळू, इसरला न्हाय रं," म्हणाली, आणि पडद्यामागून तुझ्याबरोबर हळूच गायलाही लागली.

तू मध्येच थांबून माइकवर हिंदीत बोललास. गावातली बिनदाताची बुढी आहे, कुणी बोलावलं नाही तरी प्रत्येक लग्नात गायला येते, म्हणालास. मग ओठ आत ओढून, तिचा आवाज जिथे फाटतो बरोबर तिथे फाडून गायलास. ती श्वास घेते तिथे ड्रमवाल्यानं दणका द्यायचा, आणि लोकांनी टेबलं बडवायची. एक बाई हसून हसून डोळे पुसत होती.

"कुणी बोलावलं नाही तरी" म्हणालास. टेमघरपासून दापोड्यापर्यंत तिच्या धवल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. बैलगाडी पाठवून नेतात तिला. तिच्या मांडीवर झोपून तू हे सगळं शिकलास, केसरी.

आईनं विचारलं, "ती मानसं कशाला हसतान?"

मी म्हणालो, "गाणं आवडलं त्यांना."

ती गाणं संपेपर्यंत बसून राहिली. मी स्टेजकडे निघालो तर तिनं सदरा पकडला. "जाव नको. त्याच्या पोटाचा धंदा हाय." डबा वेटरच्या हातात दिला आणि उठली. येताना टेम्पोत ड्रायव्हरनं विचारलं, कसा होता कार्यक्रम? म्हणाली, "बेस होता."

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी तुला लिहिलं नसतं. गेल्या आठवड्यात शेजारच्या पंढरीच्या मुलीची हळद होती. बोलवायला आले, तर आईनं घसा बसलाय म्हणून सांगितलं. कमळाच्या लग्नासाठी तिनं वळच्या मैनाबाईला धवल्याचं आमंत्रण धाडलं. कमळा रडली. म्हणाली, "आये, सगल्यांच्या पोरींना गायलीस, मलाच का न्हाय?"

आई तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "तोंड उघरला का माझा आवाज येतच न्हाय, बाय. त्याचाच येतो."

हे तुला कळवू नको, अशी तिनं मला शपथ घातली आहे. फक्त लग्नाचं लिही, नीट लिही, तो आला पाहिजे, म्हणाली. शपथ मी मोडली. आमंत्रण तिचं आहे, ते पोचवतो. वैशाखात ये. जेव, आहेर कर, तिच्या पाया पड. हळदीच्या वेळी मैनाबाई गायला बसेल आणि आई गप्प बसलेली असेल, तेव्हा तिच्यासमोर बस आणि बघ.

पुढे 'तुझा' लिहायला हात होत नाही.

जानकीबाईचा मुलगा,
काळूराम