अथेन्सचं धान्य, आमचं रान

७ फेब्रु., शुक्र.
पूजा उरकून तुकाचा निरोप वाचला. धाकटा भाऊ, गावचं रान तोच बघतो. पुन्हा तेच: "दादा, मुखत्यारपत्र पाठव." गुरुवारी त्याच्या सहीसाठी इथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जायचंय. विहीर आटली, दोन वर्षं रान पडीक, म्हणतो. पडीक रानाला मुखत्यार कशाला?

८, शनि.
इथं आखातात, अल नहदाच्या दुकानात द्राक्षांचा डबा घेतला. चिठ्ठीवर आमचं गाव. शेतकरी म्हणून माझं नाव! तीनदा वाचलं. सौ. म्हणाली, "सेम नावाचा असेल कुणी." आमच्या गावात नाही.
वेल लावल्यावर फळ धरायला दोनेक वर्षं जातात. म्हणजे तुकानं...

९, रवि.
ईशाचा शाळेचा प्रोजेक्ट, प्राचीन अथेन्स. ती वाचत होती, मी ऐकत बसलो. आरमार मोठं झालं, बेटं कर देऊ लागली, काळ्या समुद्राकडून जहाजांनी धान्य येऊ लागलं. मग युद्धात खेड्यांना हुकूम: शेतं सोडा, तटाच्या आत या. बाहेर शत्रू पिकं जाळतोय, आत शहर जहाजांच्या धान्यावर जेवतंय.
"शेतकऱ्यांना विचारलं का कुणी?"
"दे व्होटेड, बाबा."
"सभा कुठं भरायची?"
"सिटीमध्ये. ऑब्व्हियसली!"
लांबच्यानं हात कसा वर करायचा?
पूर्वी शहराला गावाच्या पावसाची काळजी असायची, भाकरी तिथूनच यायची. मी तुकाला पाऊस विचारून दोन वर्षं झाली. पीठ इथं खाली दुकानात मिळतं.

११, मंगळ.
ती द्राक्षं देवापुढं ठेवायला हात धजेना. फोन लावला.
"द्राक्ष लावलीस?"
"लावली."
"माझ्या नावानं?"
"सातबारा तुझा. दुसऱ्या कुणाचं लिहू?"
"मग पडीक का म्हणालास?"
"म्हटलं, पडीक ऐकून तरी बघायला येशील. साहेब झालास रं तू."
खरं वाटलं. पण तुका लहानपणापासून गोड बोलतो. आईसुद्धा फसायची.

१३, गुरु.
कॉन्सुलेट. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "सिर्फ देखभाल का अधिकार, या बेचने का भी?" मसुदा तुकानंच पाठवलेला, मी नीट वाचलाच नव्हता. त्यात दोन्ही होतं.
"मॅडम, पहले खेत देखके आता हूँ."
सही न करता बाहेर आलो. रजेचा अर्ज टाकला. तुकाला कळवलेलं नाही.
सौ. म्हणाली, "अहो, सख्ख्या भावाकडं न सांगता जाणार? धाड घातल्यासारखं?"
सांगून गेलो तर तो एसटी स्टँडवर आणायला येईल. घरापर्यंत बोलत राहील, आणि मी ऐकेन.