उरलेलं द्राक्षासव

धुळे, पौष १९३१

तीर्थरूप आईस, द्वारकीचा वाकून नमस्कार.

वांगी आणि वैद्यांच्या द्राक्षासवाची बाटली चुडामणमामांनी पोचवली. माझा खोकला गेला, काळजी नसावी.

शनिवारी संध्याकाळी ट्रेनिंगच्या मैत्रिणी, मथुरा आणि सखू, खोलीवर आल्या. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीवर वांगी भाजून भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. वर द्राक्षासवात पाणी घालून वाटीवाटी प्यालो. सखू उगाचच हसत सुटली. तुझ्या हातचं तिखट मात्र हवं होतं.

तू फार वाळलीस, असं मामा म्हणाले. आबा गेल्यापासून एकदाच जेवतेस, अजूनही?

अर्धी बाटली मामांबरोबर रावेरला पाठवते. तूच मला बजावलं होतंस, दोन्ही वेळा आणि पोटभर जेवल्यावरच घ्यायचं. दोनदा जेवलीस म्हणून आत्याबाई रागावल्या तर वैद्यांचं नाव सांग.

तुझी,
द्वारकी