रामनगरला थांबलेल्या गाड्या

२४ ऑगस्ट

आजही आला नाही! अळूची भाजी केली होती, त्याला आवडते म्हणून. दोन्ही वेळा एकटीनेच खाल्ली.

उभा जन्म ट्रक चालवला त्याने. कधी गुवाहाटी, कधी विजयवाडा. तेव्हा वाट बघायची हे ठरलेलंच होतं. आता कंपनी बुडाली, सगळ्या गाड्या रामनगरच्या यार्डात उभ्या आहेत, आणि नवरा नदीपलीकडे असूनही घरी नाही! युनियनचा सेक्रेटरी ना तो. ड्रायव्हर मंडळी फाटकावर धरणं धरून बसलीत. कंपनी विकायला कोर्टाने एक साहेब नेमलाय, तो गाड्या भंगारात काढेल अशी धास्ती. 'गाड्या चालत्या विका आणि सोबत ड्रायव्हरही घ्यायला लावा', एवढीच यांची मागणी. झोपतो आपल्याच ट्रकच्या केबिनमध्ये.

काशीतल्या पंचगंगा घाटावरच्या आमच्या खिडकीतून रामनगर दिसत नाही. तरी दहादा जाऊन उभी राहते. वेडीच मी!

तोंडाने जन्मभर 'अहो'. इथे मात्र प्रल्हाद म्हणते. प्रल्हाद, प्रल्हाद. बरं वाटतं.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आरती एकटीने म्हटली, टाळही मीच वाजवले. ईशानीचा पुण्याहून फोन, "आई, बाबा घरी आले?" नाही म्हटलं.

मग त्याचा फोन. "मोदक फुटले नाहीत ना गं?" पाठवू का विचारलं, तर म्हणाला, "पूर आहे, नावा बंद. पुलाच्या वळशाने कोण आणणार? माझ्या वाटचे तू खा." नाही खाल्ले.

३० ऑगस्ट

नागपूरहून मुक्ताचा फोन. माझी धाकटी नणंद. तिच्या यजमानांचा ट्रकचाच धंदा. "वहिनी, दादाला पाठव ना इकडे. ह्यांना भरवशाचा ड्रायव्हर हवाय." बघते म्हटलं.

त्याला सांगणार नाही. मुळीच नाही! इतकी वर्षं रस्त्याला दिला, आता मला हवा.

५ सप्टेंबर

आज देवापुढे बसून मागितलं, युनियन हरू दे. भंगारात जाऊ देत त्या गाड्या. मोठ्याने नाही म्हटलं. पण म्हटलं.

९ सप्टेंबर

फोन लागत नाही.

१७ सप्टेंबर

काय दिवस गेला!

हैदराबादच्या कुण्या शेठने लिलावात सगळ्या गाड्या घेतल्या. ताबा घ्यायला आज आला, भाड्याचे ड्रायव्हर घेऊन. आणि आज नेमकी विश्वकर्मा पूजा! इकडे या दिवशी कुणी यंत्राला हात लावत नाही. हातोडासुद्धा हार घालून बसवतात. हैदराबादच्या माणसाला कोण सांगणार?

मीही तिथेच होते. आमच्यात गाडीची पूजा दसऱ्याला. दरवर्षी नारळ माझ्या हातचा घेऊन जातो. या वेळी दसऱ्यापर्यंत गाडी राहते की नाही कोण जाणे, म्हणून शिकवते त्या शाळेला दांडी मारली, नारळ आणि हळदकुंकू पदराखाली घेतलं आणि पुलावरून ऑटोने रामनगर गाठलं.

शेठ ओरडतोय, "स्टार्ट करो!" आणि त्याच्याच भाड्याच्या ड्रायव्हरांनी चपला काढल्या, पूजेला जाऊन बसले! वासुदेव, प्रल्हादचा युनियनमधला उजवा हात, मला बघून हसत सुटला. "भौजी, आज बिस्करमा बाबा क दिन ह. आज इंजन के छुई?" शेवटी शेठला खुर्ची दिली, बुंदीचा द्रोण दिला. बुंदी खाता खाता तो प्रल्हादशी बोलायला लागला. इतके दिवस भेटसुद्धा देत नव्हता म्हणे.

तेवढ्यात मी पूजा करायला केबिनमध्ये चढले. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी चढले नव्हते. आत डब्यांची ओळ, गणपती, ईशानीचा शाळेतला फोटो. आणि पडदे! माझी हिरवी साडी. डोहाळजेवणाची! धोब्याने हरवली म्हणून मी घाटावर जाऊन भांडले होते, धोबी बदलला होता. ती इथे, मधोमध फाडून, दोन्ही खिडक्यांना.

खाली प्रल्हाद उभा होता.

"अहो, ही तर माझी—"

"सकाळी ऊन डोळ्यावर यायचं," म्हणाला. मग टायरकडे बघत, "आणि झोप लागायची नाही."

मी तोंड फिरवून कुंकू लावत बसले. स्टिअरिंगला जरा जास्तच लागलं.

२० सप्टेंबर

तोड निघाली. शेठ गाड्या चालवणार आणि सगळ्या ड्रायव्हरांना कामावर घेणार. फक्त सेक्रेटरी नको. "नेता नहीं चाहिए."

वासुदेव सांगत होता, सगळे उठून उभे राहिले, कुणीच कामावर जायला तयार नव्हतं, "दादा नाहीं त केहू नाहीं!" प्रल्हादनेच त्यांना खाली बसवलं. सगळ्यांना पोरंबाळं आहेत म्हणाला आणि सही केली.

संध्याकाळी घरी आला. चादर, पाना आणि गणपती घेऊन. पडदे कुठे, मी विचारलं.

"राहू दे. आता माझी गाडी वासुदेव चालवणार. त्याला ऊन लागेल."

मला तो घरी हवा होता. असा नको होता रे देवा!

२४ सप्टेंबर

गाड्या गेल्या. तो बघायला गेला नाही. दिवसभर नळाची तोटी दुरुस्त करत बसला. तोटीला काही झालं नव्हतं.

२८ सप्टेंबर

घरी आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ! आणि मी चोरासारखी त्याच्याकडे बघत असते.

जेवतो ते घाईघाईने, कुणी हॉर्न देऊन बोलावणार असल्यासारखा. घाटावर फेरी मारून येतो म्हणतो आणि ऑटोने थेट बायपासच्या ढाब्यावर जाऊन बसतो. शर्टाला डिझेलचा वास येतो, मला काय कळत नाही? झोपेत उजवा पाय दाबतो, ब्रेक मारल्यासारखा. माझ्याशी गोड बोलतो. तक्रार एका शब्दाची नाही. केली असती तर बरं झालं असतं.

गुवाहाटीहून फोन करायचा तेव्हा केवढा बोलायचा! कुठे दरड कोसळली, कुठल्या ढाब्यावर कोण भेटलं. तो प्रल्हाद मला हवा आहे. शेजारी झोपलाय आणि मला त्याची आठवण येते आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाना घासूनपुसून पाटावर ठेवला त्याने. मी हळदकुंकू वाहिलं. नमस्काराला वाकला तो बराच वेळ उठलाच नाही.

मग नारळ हातात घेऊन उभा. "हा कुठे फोडायचा गं उद्या?"

मी नारळ त्याच्या हातातून घेऊन देवापुढे ठेवला.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी मुक्ताला फोन लावला. "दादाला पाठवते," म्हटलं. त्याला सांगितलं. उठला आणि चादरीची घडी घालायला लागला.

दुपारी पेटीतून लग्नातला शालू काढला आणि कात्रीने मधोमध कापला. केबिनला पडदे दोन लागतात.