दुसऱ्या पलंगावर नकाशे

पार्सिपनी,
११ फेब्रुवारी २००६

ताईस स्वानंदीचा नमस्कार.

परवा बँकॉकहून सुखरूप परतले. एकटीने फिरताना काही त्रास झाला नाही, काळजी करू नकोस. रोज बोटीने हिंडले, रस्त्यावरच्या गाडीवर जेवले, पोटही बिघडलं नाही. हॉटेलात आपल्या दोघींसाठी घेतलेल्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर मी नकाशे पसरून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी बोटीत अमरावतीच्या एक काकू भेटल्या. मी त्यांना म्हटलं, बहीण नागपूरहून येणार होती, पण तिला व्हिसा नाकारला.

"नाकारला? अगं, तो तर इथे विमानतळावर उतरल्यावरच देतात. फोटो आणि फॉर्म, झालं! आम्ही अकरा जण तसेच आलो की."

मी हसले आणि पुढच्याच धक्क्यावर उतरले. तिथे मला काही बघायचं नव्हतं.

आई गेली तेव्हा इथल्या व्हिसाचं काम अडकलं होतं, म्हणून मला येता आलं नाही. तू फोनवर म्हणालीस, "व्हिसापुढे कोणाचं काय चालतं, स्वानू!" त्या वाक्यावर मी ते वर्ष काढलं. गेल्या डिसेंबरात व्हिसा नाकारल्याचा तुझा फोन आला तेव्हा तेच वाक्य मी तुला म्हटलं. तू "हो ना गं" म्हणालीस.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? प्रीताचा दहावीचा अभ्यास झाला का? तुझ्यासाठी घेतलेली कागदी छत्री टपालाने पाठवते आहे.

मला भेटायचं नसेल तर तसं लिही. व्हिसा तेवढा मध्ये आणू नकोस.

तुझी धाकटी,
स्वानंदी