जादूचं आवर्तन

मृत्युपत्र लिहून ठेवणार: कु. सत्यशीला राधाकृष्ण गुंजाळ, वय ६३, सेवानिवृत्त आरेखक, पाटबंधारे खाते, राहणार सावेडी, कागदोपत्री अहिल्यानगर, बोलताना नगर.

हे मी माझ्या हाताने, माझ्याच टेबलावर बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली आहे, पण तिने माणसाचा विचार बदलत नाही असं डॉक्टर म्हणाले. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला घरात दुसरं माणूस असावं लागतं, आणि ते नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची विल्हेवाट पुढीलप्रमाणे लावावी.

कलम १. सावेडीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी माझा भाचा करण याला द्याव्यात. करण जर्मनीत असतो. दिवाळीला न चुकता फोन करतो आणि न चुकता विचारतो, "आत्या, अजून तो गेम खेळतेस?" खेळते म्हटलं की हसतो आणि पाडव्याच्या शुभेच्छा देऊन ठेवून देतो. फ्लॅट त्याने खुशाल विकावा. तो इथे येऊन राहील अशा भ्रमात मी नाही. विकण्याआधी एकदा येऊन गॅलरीत बसला तर बरं वाटेल, पण ती अट नाही.

कलम २. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. कल्याण दरंदले यांना काहीही देऊ नये. गच्चीवरच्या टाकीचा कॉक ते त्यांच्या बाजूला जास्त उघडा ठेवतात. मी जन्मभर पाण्याचे नकाशे काढले, मला कॉक कळतो. समोरासमोर सांगितलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्याच तर आहात, तुम्हाला किती पाणी लागतं?" एकट्या माणसाला तहान कमी लागते असं कुठल्या परिपत्रकात आहे ते त्यांनी दाखवावं. एरवी गृहस्थ वाईट नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मला चक्कर आली तेव्हा त्यांनीच रिक्षा आणली.

कलम ३. माझी ड्रॉइंग पेनांची पेटी, टी-स्क्वेअर, फाशांचा डबा आणि चार खुर्च्यांसह जेवणाचं टेबल डॉ. मोनिका यांना द्यावं. मोनिका मूळची संगमनेरची, सावेडीत दातांचा दवाखाना चालवते. माझी दाढ काढताना माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तिने विचारलं, तुमचा छंद काय. तोंडात कापूस असताना मी जे काही बोलले ते तिला कळलं, कारण कॉलेजात असताना तीही तोच खेळ खेळलेली. टेबलाचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घालावा.

कलम ४. खेळाविषयी. वकील श्री. रविराज यांनी विचारलं, "फासे आहेत म्हणता, म्हणजे जुगार का?" म्हणून इथे खुलासा करते. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गोष्ट वर्षानुवर्षं चालते. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, पैशाचा संबंध नाही. जर्मनीला जाताना करणने या खेळाचं खोकं माझ्या माळ्यावर टाकलं होतं. मी निवृत्त झाले, दुपारी खायला उठू लागल्या, तेव्हा ते खाली काढलं.

खोक्यातल्या पुस्तकाप्रमाणे जादूगाराला दर घटकेला जादू करता येते. पहिल्या रविवारी मी तसं खेळू दिलं. मोनिकाच्या जादूगारणीने, चंद्रकळा तिचं नाव, समोरचा डोंगर उडवला, राक्षस भाजला, नदी पालथी घातली, आणि चहा गाळायच्या आत गोष्ट संपली. गोष्टीतल्या सोबतच्या माणसांना कुणी काही विचारलंच नाही. तेव्हाच मी ठरवलं की माझ्या राज्यात जादू धरणातल्या पाण्यासारखी मिळेल. वर एक तलाव, त्यातून एक कालवा, कालव्याला चाऱ्या. खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशी जादूची तीन आवर्तनं, म्हणजे तलावाचं दार वर्षातून तीनदाच, ठरल्या मुदतीपुरतं उघडणार. मंत्र म्हणायच्या आधी पाणी मागणीचा असतो तसा नमुना सातचा अर्ज द्यायचा. आवर्तन नसेल तेव्हा हातपाय हलवायचे, शेजाऱ्याला हाक मारायची. मोनिका अर्ज भरताना हसून लोळायची, पण भरायची.

जादू किती असावी, यावर मी पुष्कळ डोकं घातलं आहे. माझं मत असं की ती मुबलक झाली की माणसं एकमेकांना विचारेनाशी होतात. स्वतःच्या विहिरीवर मोटर बसली की कोण बांधावर जाऊन शेजाऱ्याला विचारतो, तुमचं भिजवून झालं का?

कलम ५. वर सांगितलेलं राज्य, म्हणजे कालव्याचा उगमापासून शेवटवाडीपर्यंतचा हाताने काढलेला नकाशा, त्यातली गावं, माणसं, भुतं आणि अपुरी राहिलेली गोष्ट, श्री. बिभीषण भीमा सानप यांना द्यावी. अट एकच, त्यांनी जादूची आवर्तनं तिनाची चार करू नयेत.

बिभीषण कोण ते सांगते. मूळ पाथर्डी तालुक्यातला, हल्ली तारकपूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक. लेकीच्या दातांना तारा बसवायला मोनिकाकडे आला होता. तिथे टेबलावर पडलेला माझा नकाशा बघत बसला, आणि लेकीचं काम झालं तरी उठेना. मग रविवारी दुपारी चार वाजता येऊ लागला. खेळात त्याने घेतलेला माणूस म्हणजे हैबती, बैल हाकणारा हमाल. जादू शून्य. मी म्हटलं, एखादा मंत्र घ्या. म्हणाला, "नको मॅडम. आपल्याला सवय न्हाई. झेपलं न्हाई तर?" पण गोष्ट पुढे सरकायची ती त्याच्यामुळेच. फासा वाईट पडला की "आगं आयायायाय" म्हणून तो कपाळावर हात मारायचा, तो आवाज तळमजल्यापर्यंत जायचा. श्री. दरंदले यांनी त्याबद्दल लेखी तक्रार केली होती.

कलम ६. भांडणाविषयी. पुढे कुणी वेगळं सांगू नये म्हणून लिहून ठेवते.

चार वर्षं खेळून आमची मंडळी शेवटवाडीला पोचली. कालव्याच्या अगदी टेलचं, शेवटच्या टोकाचं गाव. तिथे आजोबा-पणजोबांपासून जादू पोचलेली नाही. हैबतीने वेशीवर बायामाणसांना शब्द दिला की आणून देतो. आणि मंडळी वर तलावाच्या दारापाशी गेली त्या दिवशी रब्बीचं आवर्तन बंद झालेलं होतं. मी तसं जाहीर केलं. दार बंद.

बिभीषणने नकाशातल्या शेवटवाडीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, माझ्या आईबापाने जन्मभर कोपरगावाकडं दुसऱ्याच्या पाण्यावरचा ऊस तोडला. आमच्या गावाला पाट न्हाई, कागदावर बी न्हाई. पाणी मोजून, पगार मोजून, रजा मोजून. आता हितं बी मोजूनच? हितं तर तलाव तुमचा, दार तुमचं, चावी तुमच्याच हातात हाय."

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा असतो, बिभीषण."

"व्हय. टेलला लईच सारखा असतो," असं म्हणून त्याने हेल्मेट उचललं. जिन्यात त्याची पावलं ऐकू येत होती तोवर मोनिकाने फासे डब्यात भरून झाकण लावलं. पुढच्या रविवारी येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. त्याला दीड वर्ष झालं. मग दोघींत काय खेळायचं म्हणून मोनिकाने रविवारी दवाखाना उघडा ठेवायला सुरुवात केली.

माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. खात्यात असताना मी पाहिलं आहे, एकाची दया येऊन रात्री दार उचललं की खालच्या दहाजणांचं वाळतं. दया आली की आधी नकाशा बघावा. पण हेही लिहून ठेवते की मी त्याची वाट बघते. रविवारी चार वाजता अजूनही तीन पेले पाणी भरून ठेवते. एकटीने खेळून पाहिलं. दोन्ही बाजूंचं मीच बोलायचं, फासा मीच टाकायचा. फासा पडतो, आकडा दिसतो, पण कपाळावर हात मारायला कुणी नसतं. फार सुनं वाटतं. फोन मी केला नाही. नंबर काढते आणि नियमाचंच काहीतरी बोलेन या भीतीने ठेवून देते.

कलम ७. साक्षीदारांविषयी. वकील म्हणाले, दोन साक्षीदार लागतात. तुम्हाला नीट ओळखणारे हवेत, वयाने लहान हवेत, आणि ज्यांना मृत्युपत्रात काही मिळतं ते शक्यतो नकोत, उगाच कुणी शंका काढायला नको. मी बोटं मोजली. एक श्री. दरंदले. त्यांना यात काही मिळत नाही याची खबरदारी कलम २ मध्ये घेतलेलीच आहे. दुसरं बोट काही केल्या मुडपेना. जे मला ओळखतात त्यांना मी सगळं वाटून बसले होते.

वकील म्हणाले, "मॅडम, माझा कारकून करेल की सही."

मी म्हटलं, "त्याने मला कधी हसताना पाहिलंय का? मग माझं डोकं ठिकाणावर आहे हे तो कशावरून सांगणार?"

आमच्याकडे माणूस बोलणं सोडेल, लग्नाला येणार नाही, पण साक्षीला बोलावलं तर नाही म्हणत नाही. साक्षीला नकार देणं म्हणजे मेल्या माणसाला खांदा नाकारण्यासारखं धरतात. म्हणून वकिलांना बिभीषणला फोन करायला सांगितलं. मी शेजारीच बसले होते. पलीकडून आवाज आला, "साक्षीला न्हाई कसं म्हणायचं साहेब? येतो रविवारी. पर सही करून लगीच निघंन, ड्यूटी हाय."

सबब कलम ५ मी या कलमाने रद्द करते. बिभीषण भीमा सानप यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. सगळं पुन्हा लिहून काढायला हात चालत नाही म्हणून वरचा मजकूर तसाच ठेवला आहे. उलटसुलट असेल तर मागाहून लिहिलेलं खरं धरतात, असं वकिलांनी सांगितलं आहे. ते राज्य मी कुणालाच देत नाही. माझ्या मागे ते त्याच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा मी असताना तो एकदा या टेबलापाशी यावा, भांडायला का होईना, हे मला जास्त मोलाचं वाटतं. तो उभ्या उभ्या सही करून गेला तरी माझी तक्रार नाही.

कलम ८. माझ्या मागे दहावा-तेरावा घालू नये. गॅलरीतली तुळस मोनिकाने न्यावी.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिलं, वाचलं, आणि खाली सही केली.

सही: सत्यशीला रा. गुंजाळ
ठिकाण: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी चार

साक्षीदार १: बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. टाकीच्या कॉकबाबतच्या मजकुराशी मी सहमत नाही.
सही: कल्याण भागवत दरंदले

साक्षीदार २: मॅडमनी आमच्या दोघांसमोर चार वाजता सही केली. त्या पूर्ण शुद्धीत हायेत. माझी सही मात्र त्यांच्यासमोर आता साडेसातला होते आहे, कारण जादू किती असावी यावर बोलणं निघालं आणि ड्यूटी दुसऱ्याला सांगावी लागली. वाद मिटलेला न्हाई.
सही: बिभीषण भीमा सानप