चाखलेलं मोजत नाहीत

मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८६२. लातूर

पुन्हा लाल! विटेसारखी लाल. काल हिरवी होती, परवा तर जवळजवळ निळी. ह्यांनी नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "तुझ्या हातालाच काहीतरी हाय." जसं काही साखर मीच टाकते.

मार्तंडराव डॉक्टरांनी हे सगळं हैदराबादेहून मागवून दिलं — निळ्या पाण्याची बाटली, काचेची नळी, स्पिरिटचा दिवा. नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी — चढली. लाल म्हणजे विचारूच नका. घरात लिंगपूजा होते म्हणून हा उद्योग परसात, गोठ्यामागे. ह्यांना त्याची लाज वाटते. मला मात्र खरं सांगायचं तर मजा वाटते. रंग फिरताना बघत बसावंसं वाटतं. दुखणं नवऱ्याचं आणि गंमत बायकोला — कुणाला सांगायची सोय नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ५

डॉक्टर येऊन गेले. दिवाळीत नव्या चपलेने उजव्या अंगठ्याला लागलं होतं, ते अजून ओलंच. कडा काळी पडत चालली आहे. ओसरीत मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "संगप्पा, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं. लढाईमुळे सुईचं औषध कधी येईल सांगवत नाही. तोंड सांभाळा, तेवढंच आपल्या हातात आहे."

हे मान हलवत "हाव, हाव" म्हणत राहिले. डॉक्टर गेल्यावर पाय धोतराखाली ओढून घेतला.

मार्गशीर्ष शुद्ध ६

ह्यांच्या तोंडात काय जातं ते सगळं माझ्याच हातून जातं. एक भाकरी, मेथी, ताक. भात बंद. चहा बिनगोडाचा. मग साखर येते कुठून? चोरून खातात म्हणावं तर डबे जिथल्या तिथे. पैरणीचा खिसा उलटा केला, भाजलेले शेंगदाणे निघाले. दुपारी मुद्दाम तेच खायला दिले आणि संध्याकाळी नळी उकळली. हिरवी. शेंगदाणे सुटले.

मार्गशीर्ष शुद्ध ९

सापडलं! म्हणजे अर्धं सापडलं. लाल येते ती ह्यांच्या अडतीवर गुळाचा सौदा असतो त्या दिवशी. मधल्या दिवशी येत नाही.

आधी वाटलं, ऊन. गंजात, म्हणजे धान्य-गुळाच्या बाजारात, दिवसभर उभं राहावं लागतं. मग वाटलं, डोक्याचा ताप — अडत म्हटली की शेतकऱ्याची बाजू आणि खरीददाराची बाजू, मधे हे. डॉक्टर म्हणतात काळजीनेही चढते. पण काळजी तर रोजचीच आहे, ती काय सौदा बघून येते?

चंद्रप्पा मुनीम किल्ल्या द्यायला आला तेव्हा सहज विचारलं, आज गाड्या फार होत्या का? म्हणाला, "लई अक्का. चाकूरच्या, औशाच्या, निलंग्याच्या. मालक चाखून चाखून दमले."

चाखून!

मार्गशीर्ष शुद्ध १०

आज ह्यांना धरलंच. तर म्हणे, "मी कुठं खाऊन राहिलो? चाखतो. ते काम हाय." सोमवारचा कडक उपास असतो तेव्हाही चाखतात, आणि उपास मोडत नाही! गंजात सगळेच असं धरतात म्हणे. इतकी वर्षं संसार केला, मला हे ठाऊकच नव्हतं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. घरातली ढेप पुढे ठेवली, शेजारी वाटी ठेवली आणि म्हटलं, कालच्या गाड्या आठवा. एकेका गाडीला जेवढा तुकडा तोंडात घालता, तेवढा मोडून वाटीत टाका. हसत हसत बसले. चाकूरचा शेषेराव — एक तुकडा. औशाचा अमुक — एक. मधेच म्हणाले, ह्याच्या दोन ढेपा चाखल्या. वाटी भरली. दुसरी आणली. तीही अर्ध्याच्या वर गेली तेव्हा हात थांबला.

हसू कधीच थांबलं होतं. वाट्यांकडे बघत म्हणाले, "एवढा मी खाऊन राहिलो?"

मार्गशीर्ष शुद्ध १३

सौद्याचा दिवस. ठरल्याप्रमाणे चाखायचं आणि थुंकायचं, वर चूळ भरायची. संध्याकाळी नळी — हिरवी! सौद्याच्या दिवशी हिरवी! मी परसातून ओरडतच आत आले. मोठी डॉक्टरीणच झाले मी.

हे मात्र अर्ध्या भाकरीवरून उठले. बहुतेक दमले असतील.

मार्गशीर्ष शुद्ध १४

दमले नव्हते.

सकाळी शेषेराव दारात. चाकूरचा, ह्यांच्या अडतीला वडिलांपासूनचा. ओट्यावर बसायला तयार नाही. मी दाराआड उभी होते. भांडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "मालक, दरसाल तुमी माजा गूळ तोंडात घालून डोळे मिटता, ते बघून बोली चढती. काल तुमी थुकलात. बोली लावाया कुनी रुमालाखाली हात घातला न्हाई. मातीच्या भावानं गेला माल. त्याचं जाऊ द्या. कमी काय पडलं तेवढं सांगा, म्हंजी पुढच्या घाण्याला सुधारतो."

थुंकायला मी सांगितलं होतं. अडत्याने गूळ थुंकला म्हणजे गूळ बाद, हे गंजातल्या कुत्र्यालाही कळत असेल. मला नळीचे रंग तेवढे कळत होते.

ह्यांनी काय करावं? खरं कारण सांगितलं नाही. शेषेरावाच्या पंच्यात नमुन्याचा गूळ होता, त्यातला भला मोठा खडा उचलला आणि ओट्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं उभं राहून खाल्ला. सगळा. डोळे मिटून. म्हणाले, "कमी काई न्हाई, शेषेराव. चूक माझी हाय. फरक आपल्या दुकानातून भरतो."

मला राग आला, आणि ह्यांचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटल्यावर रडूच आलं.

मार्गशीर्ष वद्य १

परवा संध्याकाळची नळी लाल. लिहायलाच नको.

मार्गशीर्ष वद्य ४

भांडण. म्हटलं, लोकांना सांगून टाका, मला मधुमेह आहे, आजपासून चाखणार नाही. तर म्हणाले, "गुळाचा अडत्या आन साखरेचा रोगी. हसतील."

हसू द्या, मी म्हटलं.

"हसून थांबत न्हाईत लोक. दुसऱ्या अडतीला जातात. आपलं दुकान माझ्या जिभेवर चालतं महादेवी, अंगठ्यावर न्हाई."

मग मी नको ते बोलले. तेही बोलले. आज सौद्याला गेले, आणि गिळूनच आले.

मार्गशीर्ष वद्य ११

लाल. अंगठ्याला वास येतो आहे. दिवा पेटवताना आता मजा वाटत नाही.

पौष शुद्ध २

ताप. डॉक्टर दोनदा येऊन गेले. सुईचं औषध हैदराबादेत मिळालं, माणूस रेल्वेने घेऊन येतो आहे.

पौष शुद्ध ५

अंगठा काढला.

पौष शुद्ध ८

ताप उतरला. पाय वाचला असं डॉक्टर म्हणतात. आमच्या लिंगायतांत मेलेल्याला पुरतात, म्हणून ह्यांनी अंगठाही मळ्याच्या बांधाला पुरून यायला सांगितला. चंद्रप्पा गेला. परत आल्यावर ह्यांनी त्याला विचारलं, "खोल पुरला न्हवं?" आणि मग एकटेच हसले. मला हसता आलं नाही. पाठ फिरवून मी दूध तापवत बसले.

पौष वद्य १०

सुई रोज. मीच देते. नळी निळी, निळी, हिरवी, निळी. जखम भरत आली आहे. आज पहिल्यांदा काठी घेऊन परसापर्यंत आले, दिव्याजवळ बसले. म्हणाले, "बघू तरी काय एवढं बघती ते." रंग फिरेपर्यंत बसून राहिले.

पण ह्यांचं गंजाचं बोलणं सुरू झालंच आहे. सौदा थांबला नाही. शेषेरावही दोनदा विचारून गेला, मालक कधी येतात म्हणून.

माघ शुद्ध ६

उद्यापासून सौद्याला जायचं म्हणतात. मी अडवलं नाही, युक्ती काढली. किती बारीक कण जिभेवर ठेवला तर ह्यांना चव कळते, ते पाहून ठेवायचं. राईएवढा पुरला तर गिळला तरी बिघडत नाही.

डोळे मिटायला सांगितले. पहिला कण शेंगदाण्याएवढा. "चांगला." दुसरा तुरीएवढा. "चांगला." तिसऱ्याला गंमत म्हणून मिठाचा खडा ठेवला. म्हटलं, थू थू करतील, जरा हसू.

ह्यांनी जीभ टाळूला लावली. मान डोलवली. म्हणाले, "चाकूरचा. अव्वल."

पुढचा कण येईना, तेव्हा ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हातातलं मीठ बघितलं. म्हणाले, "मागच्या दसऱ्यापासून. गोड न्हाई, खारट न्हाई, काईच कळत न्हाई."

मग भाव कसा सांगत होतात?

"ढेप फोडली की हाताला कळतं. वास येतो. तोंडात घालायचो ते लोकांसाठी."